बापाची गोष्ट आणि आईची डायरी

१. पुढचा प्रश्न

‘तुमचे लग्न कसे जमले?’ हा प्रश्न घरोघरची मुले कधी ना कधी विचारतात आणि त्याची उत्तरेही घरोघरी तयार असतात. मामाने स्थळ आणले, बघायला आले त्या दिवशी नेमकी वीज गेली होती, पोह्यांत मीठ पडले नव्हते, पत्रिका जुळत नसताना आजोबांनीच ‘चालेल’ म्हटले. प्रेमविवाह असला तर कॉलेजचे गॅदरिंग, दोन्हीकडचा विरोध आणि शेवटी कोणा एका काकांची मध्यस्थी. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालेली असते की तिच्यात कोणाला काही धोका उरलेला नसतो. धोका असतो तो पुढच्या प्रश्नात : ‘आणि त्याच्या आधी कोण होते?’ बहुतेक घरांत हा प्रश्न विचारला जात नाही. आई-बापांचे आयुष्य त्यांच्या लग्नापासून सुरू झाले असे मुले धरून चालतात आणि आई-बापांनाही ते सोयीचे असते.

हा पुढचा प्रश्न विचारणारी एक मुलगी ‘डेफिनेटली, मेबी’ या अमेरिकन चित्रपटात आहे. अ‍ॅडम ब्रूक्स यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १४ फेब्रुवारी २००८ रोजी, म्हणजे व्हॅलेंटाइन डेचा मुहूर्त साधून, अमेरिकेत प्रदर्शित झाला. नायक रायन रेनॉल्ड्स, तीन नायिका आणि पार्श्वभूमीला न्यूयॉर्क. एवढ्या सामग्रीवरून तो त्या मोसमातल्या इतर रोमँटिक कॉमेडींच्या रांगेत जाऊन बसला आणि समीक्षकांनीही त्याला फार वेळ दिला नाही. मला मात्र तो पुन्हा पुन्हा पाहावासा वाटला. कारण यात प्रेमकथा सांगितली जाते ती प्रेमात पडलेल्याच्या मुलीला, आणि ज्या लग्नातून ती मुलगी जन्मली ते लग्न मोडत असताना. ऐकणारी व्यक्ती बदलली की गोष्टीचा अर्थ कसा बदलतो, याचा हा एक चांगला नमुना आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या चित्रपटाने मुलीला आई-बापांच्या पूर्वप्रेमाबद्दल विचारण्याचा हक्क दिला, ही त्याची खरी कमाई. पण उत्तर देण्याचा हक्क त्याने एकट्या बापाला दिला. हा दोष त्या एका चित्रपटाचा नाही. आई-बापांच्या जुन्या प्रेमांवर उभ्या असलेल्या कितीतरी कथांची ती सवय आहे : बापाचे प्रेम गोष्टीतून कळते, आईचे प्रेम डायरीत सापडते.

२. गोष्टीची रचना

कथानक ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी ते थोडक्यात सांगतो. विल हेज हा न्यूयॉर्कमधल्या जाहिरात कंपनीत नोकरी करतो. चित्रपटाच्या सुरुवातीलाच त्याच्या हातात घटस्फोटाचे कागद पडतात. त्याच दिवशी तो मुलीला, मायाला, शाळेतून आणायला जातो. शाळेत नुकताच लैंगिक शिक्षणाचा तास झालेला आहे आणि सगळी मुले बिथरलेली आहेत. मूल कसे होते ते मायाला कळले आहे. आता तिला हवे आहे ते आपल्यापुरते उत्तर : तू आणि आई कसे भेटलात, आणि इतके प्रेम होते तर आता वेगळे का होता?

विल आधी टाळाटाळ करतो आणि मग एका अटीवर कबूल होतो. गोष्ट सांगेन, पण नावे बदलीन. तीन बायकांपैकी तुझी आई कोणती, ते तू ओळखायचे. म्हणजे प्रेमकथेला रहस्यकथेचा साचा मिळतो. पहिली एमिली (एलिझाबेथ बँक्स), विस्कॉन्सिनमधली कॉलेजची मैत्रीण, जिला मागे ठेवून विल १९९२ साली बिल क्लिंटन यांच्या निवडणूक प्रचारात काम करायला न्यूयॉर्कला येतो. दुसरी समर (रेचल वाइस), महत्त्वाकांक्षी पत्रकार, एका वयस्क लेखक-प्राध्यापकाच्या सहवासात राहणारी. तिसरी एप्रिल (आयला फिशर), प्रचार कार्यालयात झेरॉक्स काढणारी, जिला राजकारणात रस नाही आणि ते ती लपवतही नाही.

आपल्याकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, पोर झोपले असे समजतो. मायाचे मध्ये मध्ये तोंड घालणे हे त्या हुंकाराचेच काम करते. ती बापाचे सिगारेट ओढणे, दारू पिणे, एकीकडून दुसरीकडे जाणे याचा हिशेब मांडते, त्याला झापते, एका बाईची बाजू घेते आणि पुढच्या प्रसंगात ती बदलते. तिला काय सांगायचे आणि काय गाळायचे हे विलला प्रत्येक वळणावर ठरवावे लागते. अ‍ॅबिगेल ब्रेस्लिनने ही माया फार गोड न करता उभी केली आहे. तिच्या चेहऱ्यावर कुतूहलाच्या मागे सतत एक हिशेबी काळजी दिसते. ती गोष्ट ऐकत नाही, पुरावे गोळा करते आहे. आई-बापांचे पुन्हा जमावे यासाठी लागणारे पुरावे.

या खेळात एक मेख आहे, आणि ती चित्रपटाच्या अखेरीस उघड होते. एमिली हीच मायाची आई, सारा. समरचे नावही बदललेले आहे. एप्रिलचे मात्र बदललेले नाही. सगळी नावे झाकणाऱ्या माणसाने एक नाव उघडे ठेवले आणि ते कोणाच्या लक्षात आले, तर मुलीच्या. बापाच्या मनात काय आहे ते त्याने जे सांगितले त्यावरून तिला कळत नाही. काय बदलायचे राहून गेले त्यावरून कळते. मुले आई-बापांना बहुधा अशीच वाचतात.

३. घटस्फोट, कायदा आणि विनोद

अमेरिकन विनोदी प्रेमपटाचे घटस्फोटाशी जुने नाते आहे. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने ‘परसूट्स ऑफ हॅपिनेस’ (१९८१) या पुस्तकात १९३४ ते १९४९ या काळातले सात चित्रपट घेऊन ‘पुनर्विवाहाची कॉमेडी’ असा एक प्रकार मांडला. ‘इट हॅपन्ड वन नाइट’, ‘द ऑफुल ट्रूथ’, ‘हिज गर्ल फ्रायडे’, ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ हे त्यांतले काही. या कथांत जोडपे जमवायचे नसते. मोडलेले किंवा मोडू घातलेले जोडपे पुन्हा जमवायचे असते. कॅव्हेल यांचे एक निरीक्षण आपल्या कामाचे आहे. या जोडप्यांना मूल नसते, आणि नायिकेची आई बहुतेक ठिकाणी पडद्यावर नसतेच. दोघांना एकमेकांना नव्याने निवडायचे तर ती निवड मोकळी हवी. मूल असले की ‘मुलासाठी तरी’ हा शब्द येतो आणि मोकळेपणा संपतो.

मूल आणले की काय होते ते दुसऱ्या एका परंपरेत दिसते. एरिश केस्टनर यांच्या १९४९ सालच्या जर्मन बालकादंबरीवरून डिस्नेने १९६१ साली ‘द पेरेंट ट्रॅप’ काढला आणि १९९८ साली पुन्हा काढला. विभक्त आई-बापांकडे वाटल्या गेलेल्या जुळ्या बहिणी जागा बदलतात आणि युक्तीने आई-बापांना एकत्र आणतात. आपल्याकडे याच कल्पनेवर तमिळमधून हिंदीत आलेला ‘दो कलियाँ’ (१९६८) झाला. त्यात लहानग्या नीतू सिंगने दोन्ही बहिणी केल्या होत्या. या कथांत घटस्फोट हा मोठ्यांचा पोरकटपणा असतो आणि शहाणपण मुलांकडे असते. पाहायला गंमत येते, पण विभक्त घरातल्या मुलाच्या खांद्यावर हा प्रकार एक ओझे ठेवून जातो : तू पुरेसा हुशार असतास तर ते एकत्र आले असते.

‘डेफिनेटली, मेबी’ या दोन्ही परंपरांच्या मध्ये उभा आहे. माया सुरुवातीला ‘पेरेंट ट्रॅप’मधल्या बहिणींचेच काम करायला निघते. गोष्ट ऐकता ऐकता बापाला आईची आठवण येईल आणि कागदांवर सही करायची राहील, असा तिचा डाव आहे. चित्रपट तो डाव हाणून पाडतो, आणि तसे करताना मुलीला हरवत नाही. आई-बाप वेगळे होतात यात दोष कोणाचा नाही आणि ते जोडणे हे तुझे काम नाही, एवढे तिला गोष्टीतून कळते.

यात कायद्याची एक बाजूही आहे. दोषारोपाशिवाय घटस्फोट ही तरतूद अमेरिकेत प्रथम कॅलिफोर्नियाने केली. ती १९७० पासून लागू झाली. हा चित्रपट जिथे घडतो त्या न्यूयॉर्क राज्याने ती सर्वांत शेवटी, २०१० साली, स्वीकारली. म्हणजे चित्रपट आला तेव्हा तिथे विभक्त राहण्याचा करार करून वर्षभर वेगळे राहणे, नाहीतर क्रूरता, परित्याग, व्यभिचार यांसारखा आरोप सिद्ध करणे, असेच मार्ग होते. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाचे कलम १९७६ साली आले. कायदा दोष शोधत असताना हा चित्रपट दोषाविना घटस्फोटाची गोष्ट रचत होता, ही त्याची बाजू त्या वेळी फारशी कोणी पाहिली नाही. विल मुलीला सांगतो त्या गोष्टीत खलनायक नाही. एमिलीने त्याच्या मित्राशी संबंध ठेवल्याची कबुली येते तीसुद्धा तिच्या एकटेपणाच्या ओघात, आरोप म्हणून नाही. घटस्फोटित बापाने आईची गोष्ट मुलीला सांगताना आईबद्दल राग न पेरणे ही लहान गोष्ट नाही.

पण दोष नसला तरी प्रश्न उरतो. प्रेमकथेचा साचा असा असतो की शेवटचे प्रेम खरे ठरले की आधीची आपोआप चुका ठरतात. एप्रिल खरी असेल तर एमिली चूक. आणि एमिली चूक असेल तर त्या चुकीतून आलेली माया कोण? तोंडाने ती विचारते ते आई-बाप कसे भेटले एवढेच. त्याच्या तळाशी हा दुसरा प्रश्न आहे. आई-बापांचे पूर्वप्रेम मुलांना भिववते ते नीतीच्या कारणाने नाही. त्या प्रेमाचे जमले असते तर आपण नसतो, हे साधे गणित मुलाला कळते म्हणून. ‘बॅक टु द फ्युचर’मध्ये (१९८५) आई बापाऐवजी दुसऱ्याच्याच प्रेमात पडू लागते तेव्हा खिशातल्या फोटोतली मुले पुसट होऊ लागतात; तिथे ही भीती थट्टेत घेतली आहे. ब्रूक्स ती थट्टेवारी नेत नाहीत. माया म्हणते की या गोष्टीचा शेवट सुखाचा नाही, तेव्हा विलचे उत्तर असते की शेवट सुखाचा आहे, आणि तो शेवट म्हणजे तू. पूर्वप्रेमाच्या कथेत मुलाला अडगळ न मानता फलश्रुती मानणारे हे वाक्य चित्रपटाचा कणा आहे. इथे थांबला असता तर हा चित्रपट फार धाडसी ठरला असता.

४. ‘जेन एअर’ची प्रत

तो थांबत नाही, एप्रिलकडे जातो. त्यासाठी त्याच्याजवळ एक वस्तू आहे, शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’ (१८४७) या कादंबरीची प्रत. एप्रिलच्या वडिलांनी तिला ती चार ओळी लिहून भेट दिली आणि थोड्याच काळात ते गेले. घर बदलताना प्रत हरवली. तेव्हापासून एप्रिल जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ‘जेन एअर’च्या प्रती उघडून पाहते, वडिलांचे अक्षर कुठे सापडते का म्हणून. तशा कितीतरी प्रती तिच्या घरी जमल्या आहेत. पुढे एकदा ती नेमकी प्रत विलच्या हाती लागते. तो ती द्यायला जातो, पण तिच्या घरात दुसरा पुरुष आहे असे पाहून तशीच परत आणतो आणि वर्षानुवर्षे स्वतःजवळ ठेवतो.

हे पुस्तक सहज निवडलेले असेल. एप्रिलसारख्या मुलीला आवडेल अशी ती कादंबरी आहेच. पण ज्यांनी ती वाचली आहे त्यांना आणखी काही दिसेल. ‘जेन एअर’मध्येही एक पुरुष आपले पूर्वप्रेम सांगतो. रॉचेस्टर पॅरिसमधल्या सेलीन या नर्तकीशी असलेले आपले प्रकरण जेनला ऐकवतो. त्या सेलीनची मुलगी अदेल त्याच्याच आश्रयाला आहे आणि तिला शिकवायला जेन आलेली आहे. हे सांगणे बागेत चालते तेव्हा अदेल नजरेच्या टप्प्यात कुत्र्याशी आणि फुलाशी खेळत असते. गोष्ट तिच्या आईची आणि ऐकते दुसरीच. शिवाय रॉचेस्टरने या कबुलीजबाबात सर्वांत मोठी गोष्ट, माळ्यावर कोंडलेली पत्नी, लपवलेलीच आहे.

या पार्श्वभूमीवर ‘डेफिनेटली, मेबी’ने काय केले ते नीट दिसते. त्याने अदेलला बागेतून बोलावून समोर बसवले. ज्या मुलीच्या आईची गोष्ट आहे तिलाच ती ऐकवली. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीतली गप्प मुलगी आणि २००८ सालची प्रश्न विचारणारी माया यांच्यात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि ते बरेचसे चांगल्या दिशेने पडलेले अंतर आहे.

‘बरेचसे’ म्हणायचे कारण माळ्यावरची बाई अजून माळ्यावरच आहे. तिच्याबद्दल बोलले जाते, ती बोलत नाही.

५. आईचे काय?

तीन नायिकांपैकी सर्वांत पुसट कोण, असे विचारले तर उत्तर एमिली असे येते. समरला व्यवसाय आहे, तत्त्व आहे, प्रियकरापेक्षा बातमी मोठी मानण्याची किंमत मोजण्याची तयारी आहे. एप्रिलला विनोदबुद्धी आहे, भटकंती आहे, वडिलांचे दुःख आहे. एमिली कॉलेजमध्ये प्रेम करते, मागे राहते, चुकते, दूर जाते आणि वर्षांनी समरच्या घरच्या पार्टीत पुन्हा भेटते. तिला स्वतःला काय हवे होते ते आपल्याला कळत नाही. जिची ओळख पटवण्यासाठी सारा खेळ मांडला तिचीच ओळख होत नाही.

याहून लक्षात येण्याजोगी बाब म्हणजे एमिलीचे पूर्वप्रेम आपल्याला कसे कळते ती रीत. एमिली विलजवळ समरला पोचवायला एक पुडके देते. विल ते उघडतो. आत समरची जुनी डायरी असते आणि तिच्यात समर व एमिली यांच्यातल्या जवळिकीची नोंद असते. ती विल आगाऊपणे वाचतो. म्हणजे एकाच चित्रपटात बापाचे पूर्वप्रेम तोंडाने, मागणीवरून, रात्रभर सांगितले जाते. आईचे पूर्वप्रेम दुसऱ्याच्या डायरीतून, परवानगीविना वाचले जाते.

ही विभागणी इतरत्रही सापडते. ‘बुओना सेरा, मिसेस कॅम्बेल’ (१९६८) या चित्रपटात जिना लोलोब्रिजिडा इटलीतल्या खेड्यातली आई आहे. युद्धकाळात तीन अमेरिकन सैनिक तिच्या आयुष्यात आले आणि तिघेही मुलीच्या नावाने पैसे पाठवतात. गावाला आणि मुलीला मात्र ती आपण कॅप्टन कॅम्बेल नावाच्या, कधीच नसलेल्या, वीराची विधवा असल्याचे सांगते. नाव सूपच्या डब्यावरून घेतलेले. आईचे पूर्वप्रेम इथे लपवण्याची गोष्ट आहे आणि विनोद त्या लपवालपवीत आहे. ‘मम्मा मिया!’ आधी १९९९ साली लंडनच्या रंगभूमीवर आणि मग २००८ साली, म्हणजे ‘डेफिनेटली, मेबी’च्याच वर्षी, पडद्यावर आले. तिथेही तीन पुरुष, एक आई, एक मुलगी. पण सोफी आपल्या आईला विचारत नाही. आईची जुनी डायरी वाचते आणि तिघांना परस्पर लग्नाचे आमंत्रण धाडते. आई-मुलीत जिव्हाळा आहे, आई मोकळी आहे, बेट ग्रीसमधले आहे, तरी तोंडी प्रश्नाची जागा डायरीने घेतली आहे.

त्याच मेरिल स्ट्रीपचा ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’ (१९९५) आठवावा. तो विनोदी नाही, पण विषय तोच. आयोवातल्या शेतकरी गृहिणीचे चार दिवसांचे प्रेम तिच्या प्रौढ मुलांना कळते ते तिच्या मृत्यूनंतर, तिने लिहून ठेवलेल्या वह्यांतून. आणि ‘मम्मा मिया’चा उत्तरभाग २०१८ साली आला तेव्हा डोनाचे तारुण्य, ते तीन पुरुष, ती होडी, हे सगळे प्रथमच सविस्तर पडद्यावर आले, पण त्या चित्रपटात डोना मरण पावलेली आहे. आईचे पूर्वप्रेम पूर्णपणे सांगायचे तर आधी आई जावी लागते, असा हा अलिखित नियम दिसतो.

बापांना तो लागू नाही. ‘हाउ आय मेट युवर मदर’ ही मालिका २००५ ते २०१४ अशी नऊ हंगाम चालली. टेड आपल्या दोन मुलांना सोफ्यावर बसवून त्यांची आई भेटण्याआधीच्या प्रेमांची गोष्ट सांगत राहतो. शेवटी कळते की आई सहा वर्षांपूर्वी वारली आहे आणि गोष्ट खरे तर जुन्या प्रेयसीकडे परत जाण्याची परवानगी मागण्यासाठी होती. इथेही सांगणारा बाप जिवंत, आई गेलेली.

कॅव्हेल यांनी पुढे ‘कंटेस्टिंग टिअर्स’ (१९९६) या पुस्तकात याच्या उलट बाजूचा प्रकार मांडला, अनोळखी राहिलेल्या स्त्रीच्या मेलोड्रामाचा. पुनर्विवाहाच्या कॉमेडीत नायिका आई नसते. ती आई होते तेव्हा तिची कथा अश्रूंच्या चित्रपटात जाते, ‘स्टेला डॅलस’मध्ये किंवा ‘लेटर फ्रॉम अ‍ॅन अननोन वुमन’मध्ये, आणि या दुसऱ्यात तर स्त्रीचे सारे प्रेम एका पत्रातून कळते, तेही तिच्यानंतर. हसत हसत आपले पूर्वप्रेम मुलांना सांगणारी आई या दोन्ही प्रकारांत बसत नाही. तिला अजून साचा मिळालेला नाही.

६. आठ पत्रे

हा नियम आपल्या ओळखीच्या चित्रपटावरही लावून पाहता येतो. ‘कुछ कुछ होता है’ १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, ऐन दिवाळीच्या आठवड्यात, प्रदर्शित झाला. करण जोहर यांचा तो पहिलाच चित्रपट. तोही बापाच्या पूर्वप्रेमाचा विनोदी प्रेमपट आहे आणि त्यातही आठ वर्षांची मुलगी कथेला गती देते. फरक सांगणाऱ्यात आहे. बाप राहुल आपली गोष्ट सांगत नाही. ती सांगते आई, टीना. ती मुलीच्या जन्मानंतर लगेच मरण पावते आणि मरण्याआधी आठ वाढदिवसांसाठी आठ पत्रे लिहून ठेवते. आठव्या पत्रात नवऱ्याच्या जिवलग मैत्रिणीची कथा आहे आणि तिला परत आणण्याचे काम मुलीवर सोपवलेले आहे.

वरवर पाहता आईला इथे आवाज मिळाला. पण तिने सांगितले काय? नवऱ्याचे प्रेम. स्वतःबद्दल तिने लिहिले ते एवढेच की आपण त्या दोघांच्या मध्ये आलो. मायाला जी भीती होती, की आपण चुकीच्या प्रेमातून आलो, ती इथे आईच मुलीच्या हाती लिहून देते, त्यागाच्या वेष्टनात. मुलीचे नावही त्या मैत्रिणीचेच, अंजली. दोन चित्रपटांत दोन नावे खरे बोलतात. विल गोष्टीत प्रेयसीचे नाव बदलू शकत नाही. टीना ते नाव मुलीलाच देऊन टाकते. पहिल्या नावातून बापाची ओढ कळते. दुसऱ्याने मुलीच्या डोक्यावर जन्मभराचे काम ठेवले आहे.

घटस्फोट टाळण्यासाठी हिंदी चित्रपटाने मृत्यू वापरला, असे म्हणून हा फरक संपवता येईल. मला तो त्याहून खोल वाटतो. मेलेल्या आईची परवानगी घेऊन बापाचे जुने प्रेम पवित्र करता येते, आणि मुलगी त्यासाठी खपली तर तो मातृभक्तीचा भाग ठरतो. ‘डेफिनेटली, मेबी’मध्ये आई जिवंत आहे, प्राणिसंग्रहालयात मुलीला घ्यायला येते, नवऱ्याशी सभ्यपणे बोलते. तिच्या परवानगीचा प्रश्नच नाही. ती आपल्या वाटेने जाते आहे. मायाने एप्रिलच्या दारात बापाला नेणे हे त्यामुळे कोणाच्या अंतिम इच्छेचे पालन होत नाही. ते मुलीने बापासाठी आपल्या मनाने केलेले काम आहे, म्हणून ते हलके आणि म्हणून ते अधिक खरे वाटते. एप्रिल आधी ऐकून घेत नाही. ते दार अखेर उघडते ते बापाने सांगितलेल्या गोष्टीच्याच निमित्ताने.

७. न सांगितलेली वर्षे

आता चित्रपटाच्या मुख्य उणिवेकडे येतो. विलची गोष्ट १९९२ पासून सुरू होते, क्लिंटन यांची लोकप्रियता आणि नंतरची नाचक्की यांच्या कडेने चालते, एमिलीच्या पुनर्भेटीशी येते आणि तिथून उडी मारून मायाच्या जन्मावर थांबते. पुढे थेट घटस्फोटाचे कागद. मधले लग्न नाही. माया विचारत होती ‘वेगळे का होता?’, आणि त्या प्रश्नाचे उत्तर ज्या वर्षांत आहे ती सगळी वर्षे गोष्टीतून गळली आहेत. भेटण्याचे तीन रस्ते तपशिलाने, एकत्र राहण्याची दहा-अकरा वर्षे शून्य. प्रेक्षकाला हे फार खुपत नाही, कारण रोमँटिक कॉमेडी लग्नाशी संपते अशी सवय आपल्याला आहे. पण हा चित्रपट लग्नाच्या मोडण्याशी सुरू होतो. त्याने घेतलेले ऋण मोठे होते.

ती वर्षे बाप का सांगत नाही, याचे चांगले उत्तरही देता येते : मुलीसमोर आईचे उणे काढायचे नाही. ते खरे असेलही. पण मग ती वर्षे सांगण्याचा हक्क दुसऱ्या साक्षीदाराला द्यायला हवा होता. सारा आपल्या मुलीला काय सांगेल? तिच्या गोष्टीत विल हा तीन पुरुषांतला कितवा असेल? कोणाचे नाव ती बदलायला विसरेल? चित्रपटाच्या कोणत्याही वळणावर हे प्रश्न मायाच्या मनात येत नाहीत, आणि इतक्या चौकस मुलीच्या मनात ते येऊ नयेत हे पटकथेने घातलेले बंधन आहे, मुलीचा स्वभाव नाही.

मराठी वाचकाला ही पोकळी अधिक जाणवावी. आपल्या भाषेत लग्नाची मधली वर्षे सांगण्याचे काम बायकांनी केलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त ते हसत हसत केले, सुनीता देशपांडे यांनी ‘आहे मनोहर तरी’मध्ये (१९९०) हिशेब मांडून केले. दोघींचे नवरे नामवंत, त्यांच्या गोष्टी लोकांना आधीच ठाऊक; तरी या पुस्तकांनंतर त्या गोष्टी पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. दुसरा साक्षीदार बोलला की पहिल्याची साक्ष खोटी ठरते असे नाही. तिला कड मिळते. ही पुस्तके वाचलेला माणूस विलची गोष्ट ऐकताना आपोआप विचारतो, की बरे, आणि बाई काय म्हणतात?

असे असूनही हा चित्रपट मी त्याच्या प्रकारातल्या चांगल्या चित्रपटांत धरतो. मुलाला आई-बापांचा भूतकाळ सांगता येतो, तो ऐकून मूल मोडत नाही, आणि त्यात कोणाला दोषी ठरवावे लागत नाही, एवढे त्याने दाखवले. आज आपल्याकडेही घटस्फोटित आई-बापांची मुले शाळांत आहेत, आणि त्यांना सांगायच्या गोष्टी आपल्याजवळ फार थोड्या आहेत. मामाने स्थळ आणल्याची, मीठ न पडलेल्या पोह्यांची गोष्ट त्यांना पुरत नाही; त्यांना पुढच्या प्रश्नाचे उत्तर हवे असते. त्या उत्तराचा अर्धा भाग कसा सांगावा ते विलने दाखवले आहे. उरलेला अर्धा आईने सांगायचा आहे, जिवंतपणी, स्वतःच्या तोंडाने, मुलीच्या हुंकारासह. तो चित्रपट अजून व्हायचा आहे.